बिरवाडीची खाट, जालन्याचे विद्यार्थी

धावडा आणि देहेड ही दोन्ही गावं जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातली. देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला डॉक्टर झाले आणि 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. वैद्यकीय संशोधन शिकवायचं कसं, याचा उत्तम धडा त्या केंद्रातच सापडतो.

लाल विंचू चावलेली मुलं तिथे येत. घामाने निथळलेली, हातपाय गार, उलट्या. काही तासांत फुप्फुसात पाणी भरे आणि मूल दगावे. बावस्कर खाटेशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा नोंदवत राहिले. त्या नोंदींतून उलगडलं की जीव जातो तो वेदनेने नव्हे, हृदय खचल्याने. विषामुळे शरीर अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं भराभर सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावरचा भार असह्य होतो. 1982 मध्ये हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध शोधायचं. रक्तदाबावरची प्राझोसिनची स्वस्त गोळी लागू पडली. 1986 मध्ये तीही ‘लॅन्सेट’मध्ये पोहोचली. गंभीर रुग्णांत शंभरामागे तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारांच्या खाली आले.

पुढचा टप्पा मला त्याहून मोलाचा वाटतो. स्वतःच्या यशस्वी उपचारालाच त्यांनी कसोटीला लावलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत महाडमध्ये सत्तर रुग्णांचे दोन गट करून त्यांनी तुलना केली. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत पस्तीसपैकी आठ जण बरे झाले, प्रतिविष जोडल्यावर बत्तीस. 2011 मध्ये ‘बीएमजे’ने हा अभ्यास छापला. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

हा धडा आता बावस्करांच्या जिल्ह्यातच गिरवता येईल. जालन्यात 2024 मध्ये शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिन्यांचं छोटं संशोधन करता यावं, यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शिष्यवृत्ती 1979 पासून आहे. विषय शोधायला लांब जायला नको. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात विंचू किंवा साप चावलेला रुग्ण आला, की दंशापासून पहिल्या उपचारापर्यंत किती वेळ गेला, वाटेत त्याला कुणाकडे नेलं, गाडी कशी मिळाली, एवढं विद्यार्थ्याने तिथल्या डॉक्टरांसोबत नीट लिहून काढावं. धावड्यासारख्या गावातून निघालेल्या रुग्णाचा वेळ नेमका कुठे वाया जातो, ते त्या वहीत दिसेल.