बुटांची गादी आणि धावणाऱ्याचे शरीर



वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्या की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : मुलाला जाड गादीचे महाग बूट घ्यावेत का? काही घरांना हा खर्च जड जातो, आणि चांगले बूट नाहीत म्हणून काही मुले स्पर्धेत नावच देत नाहीत. म्हणून ही गादी नेमके काय करते, ते आपण समजून घेऊ.

धावताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट जोर लावते. म्हणजे ४० किलो वजनाच्या विद्यार्थ्याच्या पायावर क्षणभर ८० ते १२० किलोंचा भार येतो. बुटाच्या तळातील फोम दबला की हा धक्का थोड्या अधिक वेळात विभागला जातो. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेच हे तत्त्व.

परंतु शरीर म्हणजे निर्जीव खांब नव्हे. पायाखाली मऊ लागले की आपण नकळत गुडघा व घोटा अधिक ताठ ठेवतो. कठीण लागले की अधिक वाकवतो. फिनलंडमधील २०१८ च्या एका प्रयोगात फार जाड गादीच्या बुटांत वेगाने धावताना धक्का कमी न होता उलट थोडा वाढलेला आढळला. म्हणजे जितकी जाड गादी तितके संरक्षण, हा हिशेब बरोबर नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. भारी माणसाला मऊ बूट अधिक हवेत, असे आपल्याला वाटते. लक्झेंबर्ग येथे ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखेच, पण काहींना मऊ व काहींना कठीण तळाचे बूट देऊन सहा महिने पाहिले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कठीण बूट घालणाऱ्यांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. पण मऊ तळाचा लाभ हलक्या वजनाच्या धावपटूंतच स्पष्ट दिसला. भारी धावपटूंत तसा ठळक फरक आढळला नाही. हे सर्व प्रौढ होते, त्यामुळे मुलांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तिसरी गोष्ट सवयीची. जाड टाचेच्या बुटांत बहुतेक जण आधी टाच टेकवतात. लहानपणापासून अनवाणी धावणारे पुष्कळदा चवडा आधी टेकवतात. त्यात टेकताक्षणीचा धक्का कमी, पण पोटरी व टाचेमागच्या शिरेवर ताण अधिक. इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली आणि १९६४ मध्ये टोकियोची बूट घालून. दोन्ही मार्ग चालतात. मात्र एकावरून दुसऱ्यावर एकदम उडी मारली की पोटरी, नडगी किंवा पंजाची हाडे दुखावतात.

मुलांबाबत आणखी एक. साधारण ८ ते १४ वर्षांच्या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते. सराव एकाएकी वाढला तर टाच दुखू लागते. अशा वेळी "सहन कर" म्हणू नये; विश्रांती द्यावी, आणि दुखणे थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

आता व्यवहाराचे. बूट मापाचा व घातल्याबरोबर आरामदायक वाटणारा असावा; दोन वर्षे पुरावा म्हणून मोठा घेऊ नये. मोठ्या भावाचा बूट धाकट्याला देताना तळ दाबून पाहावा, कारण काहीशे किलोमीटरनंतर फोम निर्जीव होतो. नवा बूट स्पर्धेच्या दिवशी प्रथमच घालू नये. दोन-तीन आठवडे आधीपासून थोडाथोडा वापरावा.

शाळेने कोणत्याही विशिष्ट बुटांची सक्ती केलेली नाही व करणारही नाही. ज्यांना अनवाणी धावण्याची सवय आहे, त्यांनी मातीच्या मैदानावर तसेच धावावे. विश्वस्त मंडळास विनंती एवढीच की, स्पर्धेपूर्वी मैदानातील खडे-काचा वेचून जमीन सारखी करून घ्यावी. त्याचा लाभ प्रत्येक मुलाला मिळेल, मग त्याच्या पायात बूट कोणताही असो.

बूट नाहीत म्हणून कोणीही मागे राहू नये. आपले नाव क्रीडाशिक्षकांकडे अवश्य द्यावे.