निळ्या फुलांची चिनी भाषा

पुण्यांतील वाडा असो कीं मुळशी तालुक्यांतील घोटावड्याचें एखादें घर असो, लोणचें मुरावयाचें तें चिनी मातीच्या बरणींत. या मातीच्या नांवांतच तिचें मूळ सांगितलेलें आहे. परंतु चीनच्या जुन्या उत्तम भांड्यांवरील निळीं फुलें केवळ शोभेचीं नसून वाचावयाचीं असतात, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

या भांड्यांचें माहेर जिआंग्शी प्रांतांतील जिंगदेझेन हें गांव. केओलिन नांवाची शुभ्र माती व एका विशिष्ट दगडाची भुकटी मळून तेथें भांडें घडवीत. तें सुकल्यावर कोबाल्टच्या रंगानें चित्र काढीत, वरून पारदर्शक झिलई देत आणि सुमारें १३०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत तें भाजीत. चित्र झिलईच्या खालीं असल्यामुळें शेंकडों वर्षें वापरूनहि पुसलें जात नाहीं. चौदाव्या शतकांत ही कला भरास आली, तेव्हां उत्तम कोबाल्ट इराणांतून येत असे.

आतां फुलांचा अर्थ. कमळ चिखलांतून वर येऊनहि निर्मळ राहतें, म्हणून तें शुचितेचें चिन्ह. बौद्ध धर्माबरोबर हा संकेत भारतांतूनच चीनमध्यें दृढ झाला. शिवाय कमळाला चिनी भाषेंत ‘लिएन’ म्हणतात, आणि ‘निःस्पृह’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारहि तोच. त्यामुळें कमळाच्या चित्रांत सचोटीच्या अधिकाऱ्याची स्तुति दडलेली असते. भरगच्च पाकळ्यांचें पिओनी हें फूल संपत्ति व मानमरातब यांचें. थंडीला न जुमानणारी शेवंती दीर्घायुष्याची. आलुबुखाराच्या जातीचें एक फूल ऐन हिंवाळ्यांत, पानें फुटण्यापूर्वींच उमलतें, तें धैर्याचें. पिओनी, कमळ, शेवंती व हें फूल मिळून वसंतापासून हिंवाळ्यापर्यंतचे चार ऋतु होतात. तडकलेल्या बर्फाच्या निळ्या रेषांवर हीं पांढरीं फुलें विखुरलेलीं दिसलीं, कीं हिंवाळा सरून वसंत येत आहे, असें समजावें.

मुंबईचा चीनशीं व्यापार मोठा होता. जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या काळीं येथून कापूस व अफू जाई, आणि तिकडून रेशीम व भांडीं येत. पारशी स्त्रियांच्या गारा साडीवरहि हींच फुलें भरलेलीं आढळतात. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत चिनी भांडीं पाहावयास मिळतात. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांनीं तें दालन समृद्ध झालें आहे.

घरांत जुनी बरणी निघाली, कीं बुडाखालचीं अक्षरें पाहून तिचें मोल ठरविण्याचा मोह होतो. त्या सहा अक्षरांत राजवंश व सम्राट यांचें नांव असतें खरें. पण सम्राट कांगशी (१६६२–१७२२) याच्या काळच्या कारागिरांनीं मिंग वंशांतील चेंगह्वा (१४६५–१४८७) याची मुद्रा आपल्या भांड्यांवर घातली आहे. कांहींनीं ती पूर्वजांच्या आदरापोटीं घातली, तर पुढें कित्येकांनीं फसवणुकीसाठीं. म्हणून मुद्रा हा एकटा पुरावा नव्हे. निळ्याची छटा, झिलई, बुडाची कड आणि हाताची रेघ यांचा मेळ बसला, तरच कांहीं म्हणतां येतें.

बरणी अस्सल ठरो वा न ठरो, तिच्यावरील फुलांचा अर्थ मात्र लटका होत नाहीं. भारतांतून गेलेला कमळाचा संकेत समुद्रमार्गें निळा होऊन परत आला, आणि फडताळांत मुकाट्यानें बसून राहिला. तो वाचतां आला, म्हणजे तें भांडें घरांत नव्यानें आल्यासारखें होतें.