मनातला पहारेकरी आणि पायांतले बळ

मॅरेथॉनची शर्यत पाहताना एक गोष्ट आपल्याही लक्षात आली असेल. 40 किलोमीटरांहून अधिक अंतर धावून गलितगात्र झालेला धावपटू अंतिम रेषा दिसू लागताच एकाएकी वेग वाढवतो. क्षणापूर्वी ज्या पायांत त्राण उरले नव्हते, त्यांत हे बळ येते कोठून? दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैज्ञानिक टिम नोक्स यांनी याचे स्पष्टीकरण असे दिले, की शरीर पुरते थकण्याआधीच मेंदू त्याला आवरू लागतो. हृदयाला किंवा स्नायूंना इजा होऊ नये म्हणून तो काही शक्ती राखून ठेवतो आणि शेवट जवळ आला की ती मोकळी करतो. या सिद्धांताच्या तपशिलांवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु थकवा केवळ स्नायूंत नसतो, मनाचाही त्यात वाटा असतो, हे बहुतेकांना मान्य आहे.

आपल्या प्रत्येकाच्या मनात असा एक पहारेकरी बसलेला आहे. आत्मरक्षण ही त्याची सहजप्रेरणा. तरुणपणी तो क्वचितच आडवा येतो. वय वाढू लागले, की मात्र त्याचा आवाज मोठा होतो. व्यायाम का जमत नाही, याचे कारण आपण गुडघ्यांत शोधतो. पुष्कळदा ते या पहारेकऱ्याच्या धास्तीत दडलेले असते.

भीतीचे चक्र

न्हाणीघरात एकदा पाय घसरतो. इजा काहीच होत नाही. पण त्या दिवसापासून जिना उतरणे टळते, मग सायंकाळचा फेरफटका बंद होतो, पुढे अंगणात जाणेही नकोसे होते. वापर नसल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल सावरण्याची सवय मोडते आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. भीतीमुळे चालही बदलते. पावले आखूड पडतात, अंग ताठरते, नजर पायांशी खिळते. ज्या संकटापासून पहारेकरी आपल्याला वाचवू पाहतो, त्याच संकटाकडे तो नकळत नेतो.

येल विद्यापीठातील वृद्धरोगतज्ज्ञ मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ही भीती मोजण्याची एक पद्धत मांडली. ‘पडण्याची भीती वाटते का?’ असा एकच ढोबळ प्रश्न त्यांनी विचारला नाही. स्नान करणे, खुर्चीतून उठणे, कपाटातील वस्तू काढणे, जिना चढणे-उतरणे अशी नित्याची कामे न पडता करण्याचा आपल्याला किती विश्वास वाटतो, हे त्यांनी एकेका कामाबाबत विचारले. यातली मर्मदृष्टी फार मोलाची आहे. भीती सरसकट नसते, ती विशिष्ट कामाशी जोडलेली असते. म्हणून ती एकेका कामापुरती कमीही करता येते.

ती उपदेशाने मात्र कमी होत नाही. ‘घाबरू नका’ या शब्दांनी पहारेकऱ्याचे समाधान होत नाही, त्याला पुरावा हवा असतो. स्वयंपाकघरातील ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा 10 वेळा उचलल्या आणि काही बिघडले नाही, हा पुरावा. हात न टेकता खुर्चीतून उठता आले, हा त्याहून मोठा पुरावा. खेळाडूही याच वाटेने जातो. उंच उडी घेणारा पहिल्याच दिवशी आडवी दांडी उंचावर बांधत नाही.

आळस की विश्रांतीची ओढ?

दुसरी प्रेरणा विश्रांतीची. हार्वर्ड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल लिबरमन यांनी असे प्रतिपादन केले आहे, की निष्कारण श्रम टाळणे हा मानवाचा उपजत स्वभाव आहे. अन्नासाठी मैलोनमैल चालणाऱ्या आपल्या पूर्वजांना उरलेली शक्ती जपून ठेवणे भागच होते. म्हणून व्यायामाचा कंटाळा आला, तर स्वतःला दोष देऊ नये आणि घरातील ज्येष्ठांना आळशीही म्हणू नये. श्रमाला प्रयोजन मिळाले, की हीच प्रेरणा बाजूला होते. देवळापर्यंत जाणे, भाजी निवडून आणणे, नातवंडाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचवणे ही प्रयोजने ‘अर्धा तास चाला’ या आज्ञेपेक्षा अधिक बळ देतात.

सोबतीचे सामर्थ्य

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांनी 1898 मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदींवरून दाखवले, की एकट्याने सायकल चालवण्यापेक्षा इतरांच्या बरोबरीने स्पर्धक अधिक वेगाने जातात. सकाळी उद्यानात जमणाऱ्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. आपण गेलो नाही तर कोणीतरी चौकशी करील, या जाणिवेने पाय आपोआप घराबाहेर पडतात.

पंजाबात जन्मलेले आणि उतारवयात लंडनमध्ये स्थायिक झालेले फौजा सिंग यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. पत्नी आणि मुलगा गमावल्यानंतर त्या दुःखात ते धावण्याकडे वळले. वयाच्या 89व्या वर्षी, 2000 मध्ये, त्यांनी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. 2011 मध्ये टोरांटो येथे शंभरी गाठल्यावर ते पुन्हा 42 किलोमीटर धावले. जन्मदाखला नसल्याने गिनीजने त्याची विक्रम म्हणून नोंद केली नाही. आपल्या दृष्टीने विक्रम गौण आहे. शोकाने खचलेल्या मनाला धावण्यात पुन्हा जगण्याचे निमित्त सापडले, हे महत्त्वाचे. मात्र बरोबरीची ऊर्मी बेतानेच वापरावी. शेजारच्यांच्या 10,000 पावलांशी स्पर्धा करून पहिल्याच आठवड्यात गुडघे दुखवून घेण्यात शहाणपण नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आपल्या माणसाला जपणे हीही सहजप्रेरणाच. ‘तुम्ही बसा, मी आणून देते’ या शब्दांत निखळ माया असते. परंतु दिवसातून 20 वेळा ऐकलेले हेच वाक्य ज्येष्ठांच्या मनातील पहारेकऱ्याला दुजोरा देते आणि पायांचे काम काढून घेते. पाण्याचा पेला हाती देण्याऐवजी कधी हात पुढे करावा, ‘चला, दोघे मिळून आणू’ असे म्हणावे. पायपुसणे घसरते का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, रात्री वाटेत उजेड असतो का, हे आधी पाहावे. धोका खरोखर कमी केला, तर धीर द्यायला शब्द फारसे लागत नाहीत.

पहारेकरी प्रत्येक वेळी चुकीचा नसतो, हेही ध्यानात असू द्या. उठताना चक्कर येणे, दृष्टी अंधूक होणे, नव्या औषधानंतर तोल जाणे, चालताना छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही मनाची भीती समजू नये. तेथेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. वारंवार तोल जात असेल, तर व्यायामाची सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि स्नायूबळ वाढवणारे व्यायाम सुचवते, तसेच आठवडाभरात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल. हे आकडे डोंगराएवढे वाटले, तर तूर्त बाजूला ठेवा. ज्या एका कामाची आपल्याला धास्ती वाटते, ते मनाशी निश्चित करा. आधार धरून, कोणीतरी जवळ असताना, त्याचा सर्वांत सोपा भाग आज करून पाहा आणि उद्या तोच पुन्हा करा. आठवड्याभराने आधाराचा एक हात सुटतो का, ते पाहा. सुटला नाही, तर आणखी एक आठवडा द्या.