दोन यंत्रं, एक ठोका



मागं तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात आम्ही एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या दोन रेकॉर्डरवर घेतल्या. एक आजींपुढं, दुसरा जात्याजवळ. दोन्ही एकाच वेळी सुरू केले. नंतर तासाभराचा आवाज एकत्र लावला, तर सुरुवात ठीक, शेवटी मात्र प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागला! तोवर आजींचा आवाज बसलेला. पुन्हा गा म्हणायची सोय नव्हती.

बिघाड कुठंच नव्हता. अशा प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झ स्फटिकाचा बारीक तुकडा असतो. तो सेकंदाला लाखो वेळा थरथरतो आणि त्या ठोक्यांवर यंत्र चालतं. दोन तुकडे अगदी सारखे कधीच नसतात. त्यात आपल्या वऱ्हाडातलं ऊन, तापले की चाल आणखी बदलते. दहा लाख ठोक्यांमागं वीसाचा फरक म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण तासाच्या ३६०० सेकंदांत तो सेकंदाच्या सात शतांशावर जातो. दोन आवाज वेगळे पडायला तेवढा पुरतो.

रेडिओची यंत्रं तपासणाऱ्यांचीही हीच अडचण. लहरी तयार करणारं यंत्र आणि त्या मोजणारं यंत्र आपापल्या ठोक्यावर चाललं, तर चूक कोणाची हे कळत नाही. म्हणून सेकंदाला एक कोटी ठोके, म्हणजे १० मेगाहर्ट्झ देणारं एकच चांगलं उपकरण ठेवतात आणि सगळ्यांना त्याचा ठोका देतात. एकाच वायरला फांद्या फोडल्या तर तो अशक्त होतो, जसं एका नळाला चार पाइप लावले की शेवटच्या घरी धार पोचत नाही. म्हणून मधे वाटप करणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो, प्रत्येक यंत्राला त्यातून वेगळी वायर.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या! त्या सगळ्यांना काचेच्या तंतूंतून एकच ठोका जातो, तेव्हा कुठं तीस कान मिळून एक होतात.

पण मुख्य ठोकाच चुकला तर? सगळे मिळून चुकतात, आणि आपसांत जुळतात म्हणून संशयही येत नाही. कापूस मोजणारे तीन काटे एकाच खोट्या वजनानं जुळवले, तर तिन्ही एकमुखानं खोटं बोलतील. म्हणून तर काट्यावर वैधमापनचा शिक्का बघायचा. ठोक्याचंही तसंच: जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळं असतात, त्यांच्याशी तो ताडून बघतात. आपल्या देशाची प्रमाणवेळही दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवरच सांभाळते.

आम्ही आता दोन्ही माइक एकाच रेकॉर्डरला लावतो. आजींच्या ओव्या मात्र एकेक कापून जुळवाव्या लागल्या. जात्याची घरघर कुठं कुठं तुटते, पण शब्द एकदाच ऐकू येतात.