छत्री फिरते कशी, अडते कुठे

सी-बँडची आठ फुटी छत्री एकाच उपग्रहाकडे तोंड करून वर्षानुवर्षे उभी राहते, हे मला तिच्यावर अन्याय केल्यासारखे वाटते. पुण्यातल्या मोकळ्या गच्चीवरून 68.5 अंश पूर्वेचा इंटेलसॅट-20 टिपता येतो आणि 105.5 अंशांवरचा एशियासॅट-7ही. मधल्या पट्ट्यात 74, 83 आणि 93.5 अंशांवर इस्रोचे उपग्रह आहेत. छत्रीला मोटर जोडली की हे सारे रिमोटच्या बटणावर येतात. जोडणी अवघ्या चार तारांची असते, पण त्या तारांमधून काय वाहते हे न समजता ती केली, तर पहिल्याच पावसाळ्यात गच्चीवर खेपा सुरू होतात.

टीव्हीजवळच्या डब्याला पोझिशनर म्हणतात. तो छत्रीमागच्या जॅकला, म्हणजे ॲक्चुएटरला, 36 व्होल्ट डीसी पुरवतो. मोटर फिरली की जॅकमधला लांब स्क्रू फिरतो, आतली नळी बाहेर सरकते आणि छत्रीला ढकलते. प्रवाहाची दिशा उलटली की नळी आत येते. मोटरबरोबर चुंबक बसवलेली एक चकतीही फिरते. चुंबक समोरून गेला की शेजारचा रीड स्विच क्षणभर जुळतो आणि पुन्हा सुटतो. हा एक पल्स. पोझिशनर हे पल्स मोजतो आणि प्रत्येक उपग्रहापुढे एक आकडा लिहून ठेवतो. छत्री खरोखर कुठे पाहते आहे, हे त्याला कधीच कळत नाही. काळोखात घाटाच्या पायऱ्या मोजत उतरणाऱ्यासारखी त्याची गत असते: एक पायरी मोजायची राहिली, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो आणि चुकल्याचे त्याला समजतही नाही. बहुतेक बिघाडांचे मूळ इथेच सापडते.

डब्याच्या मागे मोटरसाठी एम-1 व एम-2 आणि मोजणीसाठी सेन्सर व ग्राउंड अशी टर्मिनल असतात. तारा जोडण्याआधी डब्याचा प्लग भिंतीतून काढायचाच. मोटरच्या तारेत काटकसर करू नये. गच्ची 30 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर तांबे होते. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तारेत एवढ्या लांबीवर 3 अँपिअरला साडेसहा व्होल्टच्या आसपास गळतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत सव्वादोन. सेन्सरची तार बारीक चालते, पण ती शिल्डवाली हवी, नाहीतर शेजारून जाणाऱ्या मोटरच्या तारेतला गोंगाट पोझिशनरला पल्स वाटतो. शिल्ड फक्त डब्याच्या बाजूला ग्राउंडला जोडावी, जॅककडे मोकळी ठेवावी. रीड स्विचच्या दोन तारांना उलट-सुलट असे काही नसते. छत्री पूर्वेऐवजी पश्चिमेला निघाली, तर एम-1 आणि एम-2 च्या तारांची अदलाबदल करावी.

आता बिघाड. सर्वांत जास्त आढळणारा असा: बटण दाबले की छत्री सेकंद-दोन सेकंद हलते, थांबते आणि डबा एरर दाखवतो. पुष्कळ जण इथे मोटरला दोष देतात, पण हललेली मोटर बहुधा चांगलीच असते. डब्यापर्यंत पल्स पोहोचले नाहीत, म्हणून त्याने स्वतःहून वीज तोडलेली असते. अशा वेळी डब्यामागच्या चारही तारा सोडवाव्यात. सेन्सरच्या तारांना कंटिन्युइटीवर ठेवलेला मल्टीमीटर लावावा आणि मोटरच्या तारांना 12 व्होल्टची बॅटरी. जॅक सावकाश सरकू लागतो आणि मीटरचा बझर थांबून थांबून वाजला पाहिजे. गप्प राहिला किंवा सलग वाजत राहिला, तर हीच तपासणी वर जॅकपाशी करावी. तिथे बझर नीट वाजला तर दोष तारेत, नाही तर रीड स्विचमध्ये किंवा निसटलेल्या चुंबकात.

छत्री मुळीच हलत नसेल तर आधी फ्यूज पाहावा आणि मग बटण दाबून धरून डब्यामागे आणि जॅकपाशी व्होल्ट मोजावेत. खिशातला निऑन टेस्टर इथे उपयोगाचा नाही, 36 व्होल्टला त्याचा दिवा लागतच नाही. एका दिशेला फिरते आणि दुसरीकडे अडते, असे असेल तर लिमिट स्विच बघावा. टोक गाठले की तो वीज तोडतो आणि परतीचा प्रवाह त्याच्यालगतच्या डायोडमधून जातो. डायोड गेला की छत्री टोकालाच अडकून बसते.

उपग्रह जागेवर सापडत नसतील तर घाईने आकडे बदलू नयेत. एखाद्या वादळानंतर सगळेच एकदम सारख्या अंतराने सरकले असतील, तर जॅकचा क्लॅम्प घसरला आहे. चूक रोज थोडी थोडी वाढत असेल, तर पल्स गळत आहेत. मधले उपग्रह नीट आणि दोन्ही टोकांचे कमजोर असतील, तर तारांना हात लावू नये: छत्री ज्यावर फिरते ते पोलर माउंट बिघडले आहे. पुण्यात त्याचा अक्ष अक्षांशाइतका, सुमारे साडेअठरा अंश, कललेला लागतो आणि छत्री त्यापुढे आणखी तीन-सव्वातीन अंश झुकलेली. अक्ष खऱ्या उत्तर-दक्षिणेत हवा.

कू-बँडच्या लहान छत्रीची डायसेक मोटर मात्र वेगळी. तिला वीज आणि हुकूम दोन्ही एलएनबीच्या केबलमधूनच मिळतात, तेव्हा ती अडखळली तर आधी एफ-कनेक्टर उघडून पाहावेत.

पावसाळ्यापूर्वी जॅकच्या मोटरचे झाकण एकदा उघडावेच. आतले पाणी गळून जाण्याचे छिद्र खालच्या बाजूला आहे ना, मुंगळ्यांनी ते बुजवले नाही ना, हे बघावे. नळीवरचा रबरी मोजा फाटला असेल तर बदलावा आणि नळी पूर्ण बाहेर काढून ग्रीस लावावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे वर्षातून दोनदा करावे लागते. काम संपले की ओळखीचा, जोरकस सिग्नल देणारा एक उपग्रह आधी नीट पकडावा, त्याच जागी पोझिशनरची मोजणी जुळवून घ्यावी आणि मग बाकीचे तपासावेत.