बॅटरीची तीनचाकी आणि झाडीपट्टीचा रस्ता

बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्यानजीक आनंदवन उभे राहिले, तेव्हापासून व्यंग असलेल्या मनुष्यास आधी काम हवे असते, हा विचार चंद्रपूर जिल्ह्यास अपरिचित राहिलेला नाही. परंतु कामाच्या ठिकाणी पोहोचावयाचे कसे, हा प्रश्न त्याहून अगोदरचा आहे, आणि जेथे रेशनचे दुकान, तहसील कचेरी व आठवडी बाजार एकमेकांपासून कोसाकोसावर असतात, त्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तो विशेष बिकट होतो.

केंद्र सरकारच्या कानपूर येथील 'एलिम्को' या १९७२ साली स्थापन झालेल्या उपक्रमाच्या बॅटरीच्या तीनचाकी सायकली आज शिबिरांतून लाभार्थ्यांना मिळतात. पोलिओने पाय गेलेला तरुण, अपघातात जायबंदी झालेला मजूर, सिकलसेल या रक्तविकारामुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटून सांधा निकामी झालेली स्त्री, या सर्वांना अशा सायकलीचा उपयोग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेललाही आपल्या यादीत स्थान दिले, ही या पट्ट्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होय. मात्र २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची गाडी नियमानुसार मोटार वाहनांत मोडत नसल्याने तिला परवाना लागत नाही, परवाना नाही म्हणून परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणून शिकवणीची तजवीज करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. ही शिकवणी वाहनाबरोबरच दिली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ शाळेच्या मोकळ्या पटांगणावर करावा. बसता-उतरताना चावी बंद असावी, कारण उठण्यासाठी आधार म्हणून वेगाची मूठ धरली आणि ती किंचित पिळली गेली, तर गाडी मनुष्यास सोडून पुढे धावते. मूठ सोडली की मोटार थांबते, चाके मात्र थांबत नाहीत. म्हणून ब्रेकचा सराव वेगाच्या सरावाआधी झाला पाहिजे. पुढे एकच चाक असल्यामुळे वेगात वळताना आतल्या बाजूचे मागचे चाक उचलले जाते. तेव्हा वेग वळणापूर्वीच कमी करून अंग आतल्या बाजूस झुकवावे, आणि मुरमाच्या चढ-उतारावर गाडी सरळच न्यावी, आडवी कधीही घालू नये.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची गोष्ट निराळी आहे. औषधाने जंतू नष्ट झाले तरी गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, त्यामुळे वैशाखातल्या उन्हात तापलेली मूठ तळव्यास भाजते आहे हे हाताला कळतच नाही. मुठीवर जाड कापड गुंडाळावे आणि घरी परतल्यावर दोन्ही तळवे डोळ्यांनी तपासावेत, हा नेम मोडता कामा नये. कण्याच्या दुखापतीने कमरेखालचा भाग बधिर झालेल्यांनी बैठकीखाली चांगली गादी घ्यावी आणि वाटेत थोड्याथोड्या वेळाने थांबून, हातांवर भार देऊन अंग उचलावे.

चंद्रपुरात जटपुरा दरवाजाची गर्दी, आलापल्ली-एटापल्लीकडे लोहखनिजाचे ट्रक. अशा ठिकाणी वाहनचालकांना बैठी गाडी चटकन दिसत नाही, यास्तव उंच काठीला लाल निशाण बांधावे. जंगलाच्या वाटेवर बॅटरीच्या गाडीचा आवाज होत नाही, हा तर मोठाच धोका, कारण गुरे बिचकतात आणि वाघालाही मनुष्याची चाहूल लागत नाही. वाकून मोहफुले वेचणाऱ्यांवर वाघाने हल्ले केल्याचे येथे सर्वांनाच ठाऊक आहे, आणि बैठ्या गाडीतला मनुष्यही तसाच ठेंगणा दिसतो. वळणापूर्वी हॉर्न वाजवावा, सोबत असावी, आणि दिवस मावळण्याच्या आत घर गाठावे. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असेल, तर ते घोटाभर दिसले तरी गाडी घालू नये; पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा धडधाकट मनुष्यही अलीकडच्या काठावरच थांबतो.

अशा दिवसांत गाडी पडवीत कोरडी ठेवावी, आणि शिसे-आम्लाची बॅटरी असल्यास ती पूर्ण चार्ज करून ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावी, कारण रिकामी राहिलेली बॅटरी सहसा पूर्ववत होत नाही.