घरीं बांधलेलीं दोन विमानें

विमान घरच्या पडवींतहि बांधतां येतें; पण बांधल्यावर तें हातांत कसें वागतें, हा खरा प्रश्न.

फ्रान्समधील आंरी मिन्ये यांनीं १९३३ सालीं उडविलेल्या ‘उडत्या पिसू’ला पेडलें नव्हतीं. दांडा पुढेंमागें केला कीं पुढचा सबंध पंखच वरखालीं कले. बाजूस नेला कीं सुकाणू वळे. शिकावयास सोपें खरें. पण विमान बुडी मारीत असतां दांडा ओढला, कीं पुढच्या पंखाची मागील कड मागच्या पंखाजवळ येई, मधल्या फटींतून वारा वेगानें जाई, मागचाच पंख अधिक उचलला जाई आणि नाक आणखी खालीं! वैमानिकानें योग्य तेंच करावें आणि प्राणास मुकावें, असा हा प्रकार. कित्येक बळी गेल्यावर १९३६ सालीं फार्नबरोच्या वातबोगद्यांत हें उलगडलें.

अमेरिकेंतील बर्नार्ड पीटनपोल यांचें ‘एअर कॅम्पर’ १९२९ च्या सुमाराचें, फोर्ड मोटारीच्या एंजिनावर उडणारें. त्यास दांडाहि आहे, पेडलेंहि आहेत; हातापायांचा मेळ बसावयास दिवस लागतात. एंजिन मंदावलें कीं हवेच्या रोधानें वेग झटकन् उतरतो, म्हणून नाक लगेच खालीं दाबावें लागतें. मात्र बुडींत दांडा ओढला कीं नाक वरच येतें. त्याचे आराखडे घेऊन हौशी मंडळी आजहि तें बांधीत आहेत.